खोटं लिही म्हणालो

शेजारच्या साच्यावरचा दोस्त ख्रिस्ती. आजानं बाप्तिस्मा घेतला, देव बदलला. गावानं घर महारवाड्यातच ठेवलं. १९५० च्या आदेशानं सवलत मात्र नाकारली. आम्हा बौद्धांना ती १९९० साली मिळाली. त्याला अजून नाही.

पोराच्या फॉर्मवर मी म्हटलं, "हिंदू लिही की लेका!"

तो हसला. "मग पोराला खोटं बोलू नको, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

हा गडी कधी येशूचं प्रवचन देत नाही. खात्यात शिवी देत नाही, कुणाचं सूत तुटलं की धावतो, एवढंच.

मला बावीस प्रतिज्ञा पाठ. त्यात खोटं न बोलण्याचीही आहे. अन् खोटं लिही म्हणालो मीच!

दोस्तहो, पुढच्या मोर्च्यात त्याच्या सवलतीची घोषणा मी देणार. साथ द्या.