अब्बांचा पाय आणि ओझोनची पिशवी

अब्बांच्या उजव्या तळव्याला जखम झाली तेव्हा ती दुखत नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा होता आणि त्याच्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम. जानमाजवर ओलसर डाग दिसला म्हणून अम्मींनी पाय पाहिला. अब्बा म्हणाले, "दुखत नाही ना, मग काही नाही." सोळा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाने हे म्हणावे यासारखी काळजीची गोष्ट नाही. त्याआधी महिनाभर त्यांची चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि दहा पावले पुढे गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगायचे. पायाची संवेदना गेली की असेच होते.

मामूंनी दुसऱ्याच दिवशी ओझोनचा सल्ला दिला. त्यांच्या ओळखीच्या कुणाचा तरी पाय त्याने वाचला होता. आम्ही चौकशीला गेलो. पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचे तोंड घट्ट बांधायचे आणि यंत्रातून आत ओझोन सोडायचा. रोज अर्धा तास, असे वीस दिवस, पैसे आगाऊ. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो लावलेले. आम्ही दोनच गोष्टी विचारल्या. पायाचा रक्तपुरवठा तपासणार का? आणि चालताना जखमेवर येणारा भार कसा काढणार? उत्तर मिळाले, "त्याची गरज नाही, ओझोनने सगळे भरून येते. चालू द्या त्यांना." आम्ही अब्बांना घेऊन परत आलो.

ओझोन म्हणजे काही जादू नव्हे आणि थोतांडही नव्हे. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. तिसरा अणू सुटायला टपलेला असतो, म्हणून तो जंतू मारतो. बाटलीबंद पाणी शुद्ध करायला तो सर्रास वापरतात. जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८४० मध्ये त्याला हे नाव दिले. जंतू मारणारा वायू जखम भरून आणेल, असे वाटणे साहजिकच आहे. पण हाच वायू श्वासात गेला तर फुफ्फुसांना इजा करतो, आणि काही ठिकाणी तो थेट शिरेत सोडतात, ते तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोनची नोंद विषारी वायू अशी आहे आणि त्याचा उपचारासाठी ज्ञात उपयोग नाही, असेही तिथे म्हटले आहे.

मग 'आधी-नंतर'चे फोटो खोटे का? तसेही नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर ओझोनचे जे नीट प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. हाती लागले तीन प्रयोग, सगळे मिळून २१२ रुग्ण. एका प्रयोगात जखमेचा आकार लवकर घटला आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. पण पूर्ण भरलेल्या जखमांची संख्या काही वाढली नाही. एवढ्या तोकड्या पुराव्यावर ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मधुमेही पायांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ओझोन वापरू नये असेच सुचवले आहे. आम्हाला स्वतःला वायूपेक्षा ते वीस दिवस जास्त धोक्याचे वाटतात. रोज अर्धा तास पिशवी, आणि उरलेला दिवसभर माणूस त्याच जखमेवर चालतो.

ही जखम होते कशी, हे आपल्या देशात फार पूर्वी उलगडले होते, तेही मधुमेहींवर नव्हे. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे पाय पाहत होते. कुष्ठरोगाने मांस सडते अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांच्या लक्षात आले की मांस निरोगी आहे, गेली आहे ती वेदना. तुम्ही-आम्ही दिवसभर चालताना नकळत लंगडतो, भार या बाजूचा त्या बाजूला करतो, बोचले की थांबतो. ज्याला दुखत नाही तो त्याच एका जागेवर हजारो पावले टाकत राहतो आणि ती जागा आतून फुटते. पुढे मधुमेहींच्या पायांनाही हेच लागू पडते असे दिसून आले. जखमेवरचा भार काढून घेणे, हा मुख्य इलाज त्यातूनच आला.

पायांच्या डॉक्टरांनी आधी घोट्यापाशी नाडी आणि रक्तप्रवाह तपासला. हाडापर्यंत जंतू गेलेत का, हे एक्स-रे काढून पाहिले. घट्टा तासून काढला. अँटिबायोटिक दिले नाही. जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेला त्याची गरज नसते, म्हणाले. मग गुडघ्याखालून बोटांपर्यंत पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घातले. त्यात भार सगळ्या पायावर वाटला जातो, आणि ते रुग्णाला काढता येत नाही हा त्याचा मोठा गुण. अब्बांच्या बाबतीत तर होताच!

अब्बांची पहिली तक्रार नमाजची. कादात उजवा पाय उभा ठेवून बोटे मुडपून बसायची पन्नास वर्षांची सवय, आणि तो सगळा दाब नेमका त्याच अंगठ्यावर यायचा. मौलाना साहेबांनी सांगितले, प्लास्टरवर मसह करा, खुर्चीवर नमाज पढा, शरीयतने आजाऱ्याला सवलत दिली आहे. खुर्चीचे दुःख त्यांना जखमेपेक्षा जास्त झाले. पहिल्या जुम्याला ते मागच्या रांगेत बसून कोणाशी बोललेच नाहीत. प्लास्टर दर आठवड्याला बदलत गेले आणि दहाव्या आठवड्यात, अल्हम्दुलिल्लाह, जखम बंद झाली.

आता आमच्याकडे इशानंतर सगळ्यांच्या तळव्यांची पाहणी होते. अब्बांना वाकता येत नाही, म्हणून जमिनीवर आरसा ठेवतो. वुजूत बोटांच्या बेचक्यांतून हात फिरतोच, दिवसातून पाच वेळा. त्यासोबत फडक्याने बेचके कोरडे करायची सवय लावली, कारण ओल राहिली की तिथे चिखल्या होतात. थंडीत वुजूचे गरम पाणी आधी अम्मी स्वतःच्या कोपराने पाहतात. चामडी मोज्यांवर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र मसह चालतो, पण मधुमेह्याने ते रोज काढून पाय पाहावा. कुरूप काढायची पट्टी, ब्लेड, शेकायची पिशवी यांना घरात बंदी आहे.

संवेदना गेली का हे घरी पाहायची एक सोपी रीत बहिणीने शिकवली. डोळे मिटायला सांगायचे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक क्षण हलकेच बोट लावायचे. दाबायचे नाही, टोचायचे नाही. सहांपैकी दोन स्पर्श कळले नाहीत तर डॉक्टर गाठायचा. आम्ही अम्मींचे पाय असे पाहिले, त्यांना तीन कळले नाहीत. आयुष्यभर स्वयंपाकघरात अनवाणी वावरलेल्या अम्मी आता घरातही एमसीआर रबराच्या मऊ चपला घालतात. अब्बांच्या तशाच चपला मशिदीबाहेर ठेवल्या की बदलल्या जाण्याची भीती, म्हणून ते कापडी पिशवीत घालून आत नेतात.

उमराहला निघालेल्या मधुमेहींना एक सांगायचे राहिले. मताफचा संगमरवर उन्हातही थंड राहतो, बाहेरचा रस्ता राहत नाही, आणि सुन्न पायाला भाजलेले कळत नाही. सईच्या सात फेऱ्याच सुमारे तीन किलोमीटर होतात. इहराममध्ये पुरुषांना घोटा झाकणारे मोजे-बूट चालत नाहीत. तेव्हा पायांच्या आजारात काय सवलत आहे हे आलिमांना आणि कोणती चप्पल घ्यावी हे डॉक्टरांना, दोन्ही तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे. नवी चप्पल घेतलीच तर ती महिनाभर आधी घरात थोडी थोडी वापरून पाहावी.