चाल कुणाची, फुंक कुणाची

मुंबई बंदराच्या काठावरच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ वाद्यवृंद वाजत. त्या वादकांत रुडी जॅक्सन हा क्लॅरिओनेटवाला होता. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात तो १९२७ साली काही महिने टिकला, आणि जॅझच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते बहुधा चोर म्हणून. आरोप खोटा नाही. ‘क्रिओल लव्ह कॉल’ची चाल त्याने आपली म्हणून एलिंग्टनला दिली, तबकडी २६ ऑक्टोबर १९२७ला मुद्रित झाली, श्रेयात त्याचं नावही लागलं. चाल मुळात किंग ऑलिव्हरच्या १९२३च्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधली, आणि तिथे क्लॅरिओनेट होतं जिमी नूनचं. पण चाल उसनी म्हणून वाजवणाराही निकामी, हा निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याकडे संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ चालीचा उल्लेख सरळ छापला जाई. उसनवारीचा कमीपणा कुणाला वाटत नसे. जॅक्सनचा गुन्हा एवढाच की त्याने ती ओळ छापली नाही. तो लहान नव्हे, कारण त्यात ऑलिव्हरचे पैसे गुंतले होते. मात्र तो हिशेबाचा गुन्हा आहे, कानाचा नाही.

कानाने पाहायचं तर तबकडी लावावी. सुरुवातीला तीन क्लॅरिओनेट सावकाश चाल धरतात आणि अ‍ॅडलेड हॉल शब्दांवाचून त्यांना उत्तर देते. मग बबर मायली ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी टोपी उघडझाप करत गुरगुरतो. त्याच्या पाठोपाठ बारा मात्राखंडांचं एक आवर्तन जॅक्सनचं. या वाद्याची एक खोड लक्षात घ्यायला हवी. बासरीत फुंक वाढवली की सा वरच्या सा वर जातो. क्लॅरिओनेटमध्ये तो थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडतो. म्हणून त्याचा खालचा आवाज जाड, लाकडी, तर वरचा काचेसारखा, आणि दोहोंमधला सांधा नवशिक्याला हमखास उघडा पाडतो. जॅक्सन नूनच्या ओळीपासून फारसा हलत नाही. सूर लांबवतो, जागच्या जागी किंचित वाकवतो, आणि मायलीच्या गुरगुरीनंतर खोली मोकळी करतो. आधी मानवी गळा, मग गळ्यासारखं बोलणारं पितळ. त्यांच्यामागून येताना तिसऱ्याने कसरत केली असती तर सगळं विस्कटलं असतं.

यावर जाणकार बार्नी बिगार्डचं नाव घेतील. जॅक्सन गेल्यावर एलिंग्टनने त्याला घेतलं आणि तो बरीच वर्षं राहिला. बिगार्ड निःसंशय मोठा वादक. त्याच्या हातून हेच आवर्तन अधिक डौलदार झालं असतं. पण इथे डौल हवा होता असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: एवढ्याशा मुद्रणावर माणूस कसा जोखायचा? मुद्रणं थोडी, कारण जॅझची बखर न्यूयॉर्क-शिकागोत लिहिली गेली आणि हा गृहस्थ निघून गेला. आधी नोबल सिसलबरोबर युरोप, पुढे लिऑन अ‍ॅबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्याबरोबर हिंदुस्थान आणि सिलोन. दुसऱ्या महायुद्धानंतरच तो अमेरिकेला परतला. हॉटेलातल्या रोजच्या रात्री कुणी मुद्रित करत नाही. (आपल्या वरातीतले क्लॅरिओनेटवाले तरी कुठे कुणी मुद्रित केले?) मुंबईच्या सिनेसंगीतावर त्याचा ठसा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटमध्ये आर्मस्ट्राँग स्पष्ट ऐकू येतो, आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’पर्यंतची वाट दाखवता येते. जॅक्सनची तशी वाट मला दाखवता येत नाही. माझा दावा त्या एका आवर्तनापुरताच आहे, आणि त्यासाठी मुंबईतला पुरावा लागत नाही. तिसऱ्या आवर्तनापाशी तबकडी थांबवून आधी नून आणि मग जॅक्सन ऐकला की पुरे.