उलाळ

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या डाळजला उन्हाळ्यात एक जास्तीची जमीन मिळते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जी शेते गिळली, त्यांपैकी काही पाणी ओसरले की पुन्हा वर येतात. २०२४च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा मृतसाठ्याच्या रेषेखाली गेला, जवळच्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडले आणि आमच्या तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, बुडालेल्या शेताचा बांधही दिसू लागला. वाळून टणक झालेला तो सपाट गाळ पाहून मला मात्र धावपट्टीच आठवली, हे कबूल करायला हवे.

त्या वर्षी मी रेडिओ-नियंत्रित विमानाचे एक स्पोर्ट मॉडेल स्वतः आखले होते. पंखांचा पसारा १४०० मिलिमीटर, पंखाची रुंदी २४०, वजन १६०० ग्रॅम. शिकाऊ मॉडेल हात सोडला की आपले आपण सावरते; स्पोर्ट मॉडेल ज्या स्थितीत ठेवावे त्या स्थितीत राहते. म्हणजे स्थैर्य थोडे कमी करून चपळाई घ्यायची. हा व्यवहार मुख्यतः गुरुत्वमध्याच्या जागेवर ठरतो. तो पुरेसा पुढे असेल तर झुळकेने नाक वर गेले असता वाढलेली उचल त्याच्या मागे लागते आणि नाक पुन्हा खाली येते. तो मागे सरकत गेला की ही सावरण्याची शक्ती क्षीण होते, आणि एका मर्यादेपलीकडे उलटच घडते: वर गेलेले नाक आणखी वर जाते. माझ्या आराखड्यात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढल्या कडेपासून ६८ मिलिमीटरवर होता.

आदल्या रात्री शेपटी नाजूक वाटली म्हणून मी तिला प्लायच्या पट्ट्या चिकटवल्या. भर पडली जेमतेम ४० ग्रॅमची. पुन्हा तोलून पाहण्याचे मात्र टाळले. पाण्याकडे रोहित पक्षी होते, म्हणून त्यांच्यापासून दूर, बांधाच्या अलीकडे विमान सोडले. जमीन सोडताच त्याने नाक उचलले. मी दाबले तर ते बुडी मारू लागले, सावरले तर पुन्हा उभे राहिले. तिसऱ्या हेलकाव्यात वेग संपला, एक पंख कलला आणि चाकांचा सांगाडा गाळात रुतून मोडला.

तात्या सावकाश चालत आले. मोडके विमान दोन बोटांवर तोलून म्हणाले, "आरं, गाडी उलाळ झाली की!"

मागच्या बाजूला जास्त ओझे भरले की बैलगाडी उलाळ होते; धुरा वर उचलली जाते आणि जुंपलेल्या बैलांच्या गळ्याला फास बसतो. "थोडा भार मानेवर लागतोच," तात्या म्हणाले, "तवाच गाडी सरळ चालती." पुस्तकांतून वर्षभर वाचलेले मी एका रात्रीच्या घाईत विसरलो होतो, त्यांनी ते बोटांवर ओळखले. चाळीस ग्रॅम म्हणजे काही ओझे नव्हे, पण ते गुरुत्वमध्यापासून सत्तर सेंटिमीटर मागे होते. तेवढ्याने तोल सुमारे १७ मिलिमीटर मागे गेला होता.

पुढच्या रविवारी बॅटरी सहा सेंटिमीटर पुढे सरकवली, नाकात थोडे शिसे घातले आणि या वेळी बोटांवर तोलूनच विमान सोडले. ते सरळ चढले. वळण घेऊन गिरकी मारली, हात स्थिर ठेवला तर तेही स्थिर राहिले. माझ्या आखणीने प्रथमच माझे ऐकले होते.

मी अभिमानाने तात्यांकडे वळून पाहिले. ते वर बघतच नव्हते. त्यांची नजर गाळावरून पळणाऱ्या सावलीवर होती.

"ह्या कडंला हिर व्हती," ते म्हणाले. "आता तिच्यावरनं गेलं बघ."

मी विमान पुन्हा वळवले आणि त्यांनी हात केला तिकडून, शक्य तितके हळू, आणखी एकदा नेले.