बुटातलं गवत

नॉर्वेत थंडीबद्दल तक्रार करायची सोय नाही. ‘हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात’ हे वाक्य तिथे हॉटेलातली मुलगी ऐकवते, बसमधला शेजारी ऐकवतो, टॅक्सीवाला ऐकवतो. प्रत्येकाचा चेहरा असा, की हे त्याला आत्ताच सुचलं. ओस्लोला राहणारी माझी भाचीसुद्धा आता या पंथात सामील झाली आहे. फेब्रुवारीत फिनमार्कला जायचं ठरल्यावर तिने मला कपड्यांच्या एका भल्यामोठ्या दुकानात नेलं. तिथला पोरगा ‘तीन थर’ या विषयावर तासभर बोलला: अंगालगत लोकर, मधे ऊब धरणारं काहीतरी, वर वारा अडवणारं जॅकेट. किमती ऐकून मला तिथेच घाम फुटला. थंडीत घाम हीच काय ती भानगड, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सांगून जॅकेट खपत नाही.

आम्ही गेलो ते काराशोक हे उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कमधलं, फिनलंडच्या सीमेजवळ असलेलं गाव, सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांचं. वस्ती जेमतेम अडीच-तीन हजार, पण नॉर्वेतल्या सामींची संसद इथे आहे. समुद्र दूर आणि गाव नदीच्या खोऱ्यात, त्यामुळे जड, थंड हवा इथे खाली बसते आणि हलायचं नाव घेत नाही. नॉर्वेतलं आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान इथलंच: उणे ५१.४ अंश, १ जानेवारी १८८६. आम्ही गेलो तेव्हा सकाळचा पारा उणे तिशीच्या आसपास असायचा आणि गावकरी त्याला ‘बरं आहे’ म्हणायचे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गाव जाळलं. १८०७ सालचं लाकडी चर्च तेवढं वाचलं. चर्च, संसद, संग्रहालय हे सगळं आम्ही एका दुपारी उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

सांगण्यासारखं जे आहे ते एका स्वयंपाकघरात घडलं.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या गृहस्थांच्या आई सत्तरीच्या पुढच्या. सगळी हयात रेनडिअरच्या कळपामागे गेलेली. भाची पहिल्या दिवसापासून त्यांना आजी म्हणायला लागली आणि मीही. आजी सामीत बोलायच्या, मुलगा ते नॉर्वेजियनमध्ये सांगायचा आणि भाची मला मराठीत, त्यामुळे आजींचं साधं ‘बस’ही दोन थांबे घेऊन यायचं. सकाळी स्कीवर निघायची तयारी चालली होती. आजींनी आमचे बूट उचलून बघितले. भाचीचा बूट तिच्या पायात असतानाच त्याचं टोक अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, “आत किती मोजे?”

“दोन. जाड.”

“बोटं हलतात?”

बोटं हलत नव्हती. दुकानातल्या पोराने बूट कसे पायाला घट्ट बसले पाहिजेत हे पटवून दिलं होतं. आजींनी मुलाकडे बघून एकच शब्द उच्चारला. त्याचं भाषांतर मुलाने केलं नाही.

मग त्यांनी माळ्यावरून एक गाठोडं आणवलं. त्यात रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे बूट होते, केसांची बाजू बाहेर, टोक वर वळलेलं. हे टोक दिसायला नाटकातल्या राजाच्या जोड्यासारखं असलं तरी काम करतं: जुन्या लाकडी स्कीवर फक्त एक आडवा चामडी पट्टा असायचा आणि हे टोक त्यात अडकून बसायचं. तळवाही हुशारीचा. तो दोन तुकडे जोडून शिवलेला, एका तुकड्याचे केस पुढे वळलेले, दुसऱ्याचे मागे, म्हणजे बर्फावर पाय कोणत्याच बाजूला सटकत नाही. मी मोजे शोधायला लागले. आजी म्हणाल्या, मोजे नाहीत. आणि गवताची कडी टेबलावर ठेवली.

हे एक पाणथळीतलं लांब पातं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी कापायचं, ठोकून मऊ करायचं, विंचरायचं आणि पीळ देऊन गोल कड्या करून ठेवायच्या. आजींनी कडी सोडली, गवत चुलीवर धरून किंचित गरम केलं, दोन्ही हातांत घेऊन मोकळं केलं. मग पक्ष्याच्या घरट्याचा आकार देऊन ते बुटात बसवलं. टाचेशी जास्त, बोटांशी त्याहून जास्त, चवड्याखाली सपाट. मला अनवाणी पाय आत घालायला सांगितलं. घातला. त्यांनी काढायला लावला, आत हात घालून काहीतरी इकडचं तिकडे केलं, पुन्हा घालायला लावला. असं बराच वेळ चाललं. कॉफी दोनदा गार झाली. (कॉफीत सुकवलेल्या मांसाचे तुकडे टाकलेले होते, मी ते कपाच्या तळाशी राहू दिले, आणि आजींनी ते पाहिलं.) मला घाई झाली होती, बाहेर उजेड थोडाच वेळ असतो. त्यांना घाई नव्हती. पायाखाली एक काडी आडवी राहिली तर दुपारपर्यंत तिथे फोड येतो, म्हणाल्या. शेवटी घोट्यावर रंगीत विणलेली लांब पट्टी गुंडाळली, बर्फ आत जाऊ नये इतकी घट्ट, आणि वर बोटांनी टिचकी मारली. झालं.

माझी बोटं आत मजेत हलत होती.

गवत गरम असतं असं नाही. लोकर, पिसं, केस, कशालाच स्वतःची ऊब नसते. ऊब आपली, आणि ती अडवते ती न हलणारी हवा. कापडाचं काम फक्त त्या हवेला जागेवर धरून ठेवायचं. रेनडिअरच्या केसात हवेच्या पोकळ्या असतात. गवताच्या काड्यांमध्ये हवाच हवा. पाणी मात्र हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ओला मोजा घालण्यापेक्षा न घातलेला बरा. सुती कपडा घाम पिऊन तसाच बसतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. गवत घाम शोषतं आणि रात्री उपसून चुलीशेजारी पसरलं की सकाळी कोरडं. महागड्या बुटाचं अस्तर काढून पसरता आलं तर नशीब.

या गवताने मला इतिहासात ओढलं, एरवी मी त्या वाटेला जाणारी नव्हे. १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड पूर्व-पश्चिम ओलांडलं. त्या सहा जणांत दोघे काराशोकचे सामी होते: सामुएल बाल्टो आणि ओले निल्सेन राव्ना. नान्सेनला तिशीतले, बिनलग्नाचे पहाडी गडी हवे होते. पाठवला गेलेला राव्ना पंचेचाळीस उलटलेला, बायको आणि पाच मुलं घरी ठेवून आलेला. वरच्या पठारावर रात्री पारा उणे ४५च्या आसपास उतरला, आणि तिथे या दोघांच्या पायांत हेच गवत होतं. बाल्टो पुढे रेनडिअर पाळायला शिकवण्यासाठी अलास्काला गेला आणि तिथेच वारला. १९२५ साली नोम गावी घटसर्पावरचं प्रतिविष पोहोचवणाऱ्या स्लेजच्या कुत्र्याला त्याचंच नाव होतं. त्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे.

गोठलेल्या नदीवर उतरलो तेव्हा आजींच्या मुलाने पहिला हुकूम सोडला: जॅकेट काढा. उणे २८मध्ये! निघताना गारठलंच पाहिजे, त्याचं म्हणणं. निघताना ज्याला छान वाटतं, तो अर्ध्या तासात भिजतो. आणि भिजायला वेळ लागत नाही, कारण इतक्या थंडीत स्की घसरतच नाही. घसरण्यासाठी स्कीखाली बर्फाचा पृष्ठभाग निसरडा व्हावा लागतो. पारा फार उतरला की तो होत नाही आणि बर्फ वाळूसारखा खरखरतो. आम्ही स्कीवरून घसरत नव्हतो, स्की पायात बांधून वाळू तुडवत होतो. थोड्या वेळाने त्याने एक स्वेटरही उतरवायला लावला. मात्र थांबायचं म्हटलं की उलट: दम खाण्याआधी मोठं जॅकेट अंगावर, मग पाणी, मग गप्पा.

या घामाने माणसाचं काय होऊ शकतं याचं सर्वांत भयंकर वर्णन चेरी-गॅरार्ड नावाच्या अंटार्क्टिक मोहिमवीराने केलेलं आहे. १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात तो दोन सोबत्यांबरोबर पेंग्विनची अंडी आणायला निघाला. एका सकाळी तंबूबाहेर येऊन त्याने मान वर करून आजूबाजूला पाहिलं, तेवढ्यात घामाने ओले कपडे गोठले आणि मान खाली येईना. पुढचे चार तास त्याने तशीच वर केलेल्या मानेने स्लेज ओढली. त्याची झोपायची पिशवी निघताना १८ पौंड होती, परतल्यावर ४५. फरक सगळा बर्फाचा.

नदीच्या एका वळणापाशी आम्हालाही वारा लागला. उणे २० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे ३० वाटतं. हा हिशेब अंटार्क्टिकात सायपल आणि पासेल या दोघांनी पाण्याची बाटली छपरावर टांगून, ती गोठायला किती वेळ लागतो हे मोजून सुरू केला. आम्हाला हिशेबाची गरज पडली नाही. भाचीच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका उमटला. स्वतःला तो दिसत नाही आणि कळतही नाही, म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालायचं असतं. मुलाने हातमोजा काढून उबदार तळवा तिच्या नाकावर धरला. बर्फ चोळायचा जुना उपाय नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे.

दुपारी तंबूत शेकोटीपाशी त्याने सदरा काढला आणि मी हसून घेतलं. आत जाळीचा बनियन! आपल्याकडे मे महिन्यात ओटीवर बसून पेपर वाचणारे आजोबा घालतात तो. नॉर्वेत हा हिवाळी पोशाख आहे. १९३३ मध्ये हेन्रिक ब्रुन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून तो पहिल्यांदा बनवला. भोकांत हवा अडकते आणि घामाची वाफ वरच्या थरात निघून जाते, ओलं कापड अंगाला चिकटत नाही. तीन थरांची व्याख्यानं देणाऱ्या पोराने हा दाखवलाच नव्हता. बहुधा फार स्वस्त असावा.

दिवसभरात माझे हात गारठले, गाल बधिर झाले, फोन बंद पडला, पापण्यांवर बर्फ जमला. पाय तेवढे तक्रारीविना राहिले.

घरी आल्यावर आजींनी बूट काढून घेतले, गवत उपसलं, हातात चुरून ओल बघितली आणि चुलीमागच्या दोरीवर टाकलं. खाली पडलेल्या काड्यासुद्धा वेचल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एक कडी विकत मागितली. मुलाने विचारलं, आजी बराच वेळ बोलल्या, आणि भाचीपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचं एवढंच उरलं: विकायचं नाही, हवं तर ऑगस्टमध्ये ये, विळा घेऊन. मी लगेच हो म्हणाले. तेव्हा तिथे पाणथळीत डासांचे ढग असतात, हे भाचीने विमानात बसल्यावर सांगितलं.