वहिवाट

२०२३ च्या दिवाळीत गडमुडशिंगीहून आमच्याकडे फराळाचे डबे आले. त्या पिशवीच्या तळाशी एक प्लास्टिकची फाइल होती. फाइलमध्ये सातबारा, आठ-अचा उतारा, वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या वारसनोंदीच्या फेरफाराची प्रत आणि वकिलाकडून टाइप करून घेतलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. फाइलच्या कोपऱ्याला चिवड्याचे तेल लागले होते. मसुद्यात नाव घालण्यापुरती जागा मोकळी होती. बाकी सगळे ठरलेले होते : कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय वगैरे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघांचेही एम.ए. शिवाजी विद्यापीठातून मराठी घेऊन झालेले, आणि दोघेही महाविद्यालयात मराठीच शिकवतो. गडमुडशिंगी हे आमच्यातल्या एकीचे माहेर आणि म्हणून दुसऱ्याची सासुरवाड. लिहिताना आम्हाला ‘आम्ही’ हे सर्वनाम सोयीचे पडते. पण त्या रात्री फाइल उघडून बसलो तेव्हा ते किती तकलादू आहे हे ध्यानात आले. सही एकीचीच लागणार होती.

गावात कुणी ‘गडमुडशिंगी’ असे पूर्ण नाव घेत नाही. नुसते ‘मुडशिंगी’ म्हणतात. कोल्हापूरहून निघून तावडे हॉटेलपाशी महामार्ग ओलांडला की उचगाव, मग मुडशिंगी, आणि तोच रस्ता पुढे वसगडे, पट्टणकोडोली करत चांदीच्या हुपरीला जातो. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षे आम्ही या रस्त्याने केएमटीच्या बसने गेलो. बस चुकली तर वडाप. वडापमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत आईसाठी पातळ आणि भाच्यांसाठी खाऊ. परतताना त्याच पिशवीत शेंगा, तांदूळ, गुळाचा रवा. नागपंचमी, गौरी, दिवाळी, आणि कुणाचे बारसे, कुणाचे दहावे. माहेरवाशिणीचे वर्ष पंचांगापेक्षा या फेऱ्यांनी मोजले जाते. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही युरोप-जपानची उदाहरणे देतो. मुडशिंगीच्या दहा-बारा किलोमीटरांना प्रवास म्हणावे, असे आम्हाला कधी सुचले नाही.

वास्तविक हा परिसरच येण्याजाण्यातून घडलेला आहे. शेजारच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. घरदार गमावून सोव्हिएत रशियातून इथवर आलेली ही माणसे, त्यांतही बायका आणि मुलेच अधिक. १९४८ पर्यंत ती इथे राहिली आणि मग जगभर पांगली. त्यांच्या मागे त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी कुटुंबकबिले आले आणि गांधीनगर उभे राहिले. आज कोल्हापूर-सांगलीकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला जातात ती गांधीनगरची कापडपेठ म्हणजे जमीन हरवलेल्यांनी व्यापारावर उभारलेली वस्ती. तिच्या शेजारी मुडशिंगी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीला धरून बसलेली. दोन्हींमध्ये अंतर असे जवळजवळ नाहीच.

आणि दुसऱ्या बाजूला विमानतळ. १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेली उजळाईवाडीची ही धावपट्टी. प्रवासी वाहतूक मधली काही वर्षे बंद पडली, २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून पुन्हा सुरू झाली आणि २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली. विस्तारीकरणासाठी लागणारी सुमारे ६४ एकर जमीन गडमुडशिंगीच्या हद्दीतली. आमच्या माहेरचे शेत त्यात गेले नाही. मात्र परिसरातल्या जमिनीकडे पाहण्याची सगळ्यांचीच नजर बदलली. जिथे ‘यंदा लावण की खोडवा’ एवढीच चौकशी व्हायची, तिथे गुंठ्याचा भाव विचारला जाऊ लागला. डोक्यावरून विमान गेले की आई अजूनही मान वर करते. त्यात बसून कुठे जावे, असे तिला वाटत नाही. ‘एवढ्या लांब जाऊन परत कवा यायचं?’ हा तिचा प्रश्न.

भावाची गरज खोटी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. ऊस परवडेनासा झाला होता. रस्त्याकडेच्या पट्टीत गोदाम बांधून भाड्याने द्यावे, गांधीनगरच्या व्यापाऱ्यांना जागा लागतेच, असा त्याचा हिशेब होता. कर्ज काढायचे तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची अडचण. आई, तो आणि दोन बहिणी. धाकट्या बहिणीने सही केली होती. फोनवर तो म्हणाला, ‘आक्का, तुझ्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. पर उद्या भाचरं मोठी हुतील, त्यांच्या मनात काय येईल कुणी बघितलंय?’ आणि मग हलक्या आवाजात, ‘दाजींस्नी पण सांग.’

कायदा काय सांगतो ते आम्हाला ठाऊक होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेली-न झालेली हा भेदही काढला, आणि हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. स्त्रीवादी समीक्षेचा पेपर शिकवताना हे सगळे आम्ही फळ्यावर लिहिलेले आहे. मुली वहीत उतरवून घेतात. त्यांतल्या कितीजणी पुढे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भावाच्या मागे उभ्या राहून अंगठा आणि फोटो देतात, हे आम्ही कधी विचारले नाही.

सातबारा हा मोठा विलक्षण मजकूर आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले, तेव्हापासून आपल्या भागातली जमिनीची लिखापढी वतनदाराच्या घरातून पगारी नोकराच्या दप्तरात आली. पण लिहिणारा बदलला म्हणून मजकुरातली नाती लगेच बदलत नाहीत. बापाच्या मागे मुलांची नावे मालकाच्या रकान्यात आणि मुलींची मात्र ‘इतर हक्क’ या सदरात, असे उतारे खेड्यापाड्यांत किती तरी सापडतात. ‘इतर’ हा शब्द आम्ही अस्तित्ववाद शिकवताना वापरतो. तलाठ्याच्या दप्तरात तो आधीपासून होता.

आणखी एक शब्द त्या दप्तरात आहे : वहिवाट. शेताला जाण्याची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल, आणि तिथून वर्षानुवर्षे ये-जा असेल, तर ती वहिवाटीची वाट. कागदावर ती तुमची नसते. वापराने तुमची असते. कुणी ती अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. माहेरची वाट ही अशीच वहिवाट आहे, असे त्या आठवड्यात आम्हाला वाटू लागले. वाटणीत मुलाला जमीन मिळते आणि मुलीला येण्याजाण्याची वाट. ती वाट मोकळी राहावी म्हणून तिने जमीन सोडायची, असा हा करार आहे. तो कुठेही लिहिलेला नाही. हक्कसोडपत्र ही केवळ त्याची पावती. फरक इतकाच की ही वाट अडली तर दाद मागायला कुठला तहसीलदार नाही.

आमच्या वर्गातल्या ग्रामीण साहित्यातही हे बसत नव्हते. शंकर पाटील या रस्त्यावरच्याच पट्टणकोडोलीचे, आनंद यादव जवळच्या कागलचे. ‘टारफुला’त आम्ही गावातली सत्ता शिकवली. ‘गोतावळा’तला नारबा शिकवताना मालकी नसलेल्या गड्याचे मातीशी आणि जनावरांशी असलेले नाते समजावून सांगितले, ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काय होते ते सांगितले. पण माहेरवाशीण म्हणून दोन दिवस येणारी, भाकरी थापून, भांडी घासून, ओटी घेऊन परत जाणारी बाई जमिनीची कोण लागते, असा प्रश्न आम्ही परीक्षेत कधी घातला नाही.

आईचे स्वतःचे असे काय, तर म्हैस. दूध संस्थेत खाते तिच्या नावाने, दहा दिवसांचे बिल तिच्या हातात. गोकुळचा पशुखाद्य कारखाना गावच्याच हद्दीत असल्याने ‘माझ्या म्हशीचं खाणं आपल्याच गावात शिजतंय’ अशी तिची फुशारकी. मुलीच्या बाळंतपणाचा, नातवाच्या फीचा, आजारपणाचा खर्च त्या बिलातून गेला. जमीन पिढ्यांची असते. म्हैस बाईची असते. आटली की विकायची, नवी घ्यायची. बायकांची मालमत्ता अशी व्यायला आणि आटायला लागते.

सही करू नये, असे आमच्यातल्या दुसऱ्याने पहिल्याच रात्री ठामपणे सांगितले. कायदा सांगितला, तत्त्व सांगितले. बराच वेळ ऐकून घेतल्यावर समोरून शांतपणे प्रश्न आला : ‘आणि तुमच्या ताईंनी केली त्याचं काय?’

२००६ मध्ये वडील गेल्यावर आमच्या घरी असेच एक हक्कसोडपत्र झाले होते. थोरली बहीण सकाळच्या एसटीने आली, सही केली, दुपारचे जेवण करून संध्याकाळच्या एसटीने गेली. तिला साडी घेतली होती. पुढे त्या जमिनीचा एक तुकडा विकून आम्ही या फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे भरले. ज्या टेबलावर मुडशिंगीची फाइल पसरली होती ते टेबल, त्याखालची फरशी, भिंतीतले पुस्तकांचे कपाट, या सगळ्यात तिचा हिस्सा होता. सतरा वर्षांत आम्ही त्याविषयी एकदाही बोललो नव्हतो. आणि आमच्यातली एक त्या सहीच्या वेळी सून म्हणून पुरणपोळ्या लाटत होती, हेही खरे. न्याय आपल्या माहेरापुरता मागायचा आणि सासरचा सोडून द्यायचा, असे करायला दोघांनाही जमले असते. इतकी वर्षे जमलेच होते.

पुढच्या रविवारी आम्ही ताईंकडे गेलो. विषय काढताना जीभ जड झाली. त्या निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, ‘आता कशाला उकरून काढतोस? जमीन मागितली नसती रे मी. पण इच्चारलं असतंस तर बरं वाटलं असतं.’ मग चहा टाकायला उठल्या. त्यांच्या नावाने काही रक्कम ठेव म्हणून ठेवायची, असे आम्ही परतीच्या वाटेवर ठरवले. हे लिहीपर्यंत ती पूर्ण ठेवून झालेली नाही. फ्लॅटचे हप्ते हे कारण आहे, आणि ते कारणच आहे.

मुडशिंगीला कळवले ते असे : हक्क सोडत नाही, पण कर्जाच्या कागदावर सहहिस्सेदार म्हणून सही करते, जामीनही राहते. गोदाम उभे राहिले तर आनंद, बुडाले तर नुकसानीतही वाटा. भावाला यातले पहिलेच वाक्य ऐकू आले. ‘बरं,’ म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर गौरीला बोलावणे आले नाही. आई बोलायची, पण घरात इतर कुणी नसताना. शिकवण्यात आणि जगण्यात अंतर असते हे सगळेच मान्य करतात. ते मिटवण्याची किंमत मात्र वर्गात कुणी सांगत नाही. आम्हीही सांगितली नव्हती. दहा महिने आमच्यातली एक त्या रस्त्याने गेली नाही. काही संध्याकाळी ती फाइल काढून बसायची आणि म्हणायची, ‘करून टाकावी का सही?’ अशा वेळी काहीही न बोलणे एवढेच दुसऱ्याला करता येण्यासारखे होते.

२०२४ च्या नवरात्राच्या सुमाराला आईचा फोन आला. म्हैस व्याली होती. ‘खरवस केलाय, येऊन जावा.’ आम्ही गेलो. भाऊ शेतात होता. वहिनीने पाणी दिले, वाट्या भरल्या. वेलदोड्याचा वास घरभर होता. बोलणे पाऊस, शेंगा, मुलांचे क्लास यांवर चालले. अंधार पडता पडता आम्ही निघालो तेव्हा तो दारातच भेटला. त्याने काही न बोलता मोटारसायकलच्या मागे एक पोते बांधले आणि आमच्या पुढे चालवत थांब्यापर्यंत आला. ओल्या शेंगा होत्या. ‘एवढ्या कशाला?’ म्हटल्यावर पोत्याची सुतळी आवळत, आमच्याकडे न बघता तो म्हणाला, ‘सातबाऱ्यावर नाव हाय न्हवं? मग शेंगा काय मागून घ्यायला लागत्यात व्हय?’

यात राग किती, कबुली किती आणि थट्टा किती, याचा उलगडा आम्हाला अजून झालेला नाही. उभी हयात शब्दांचे अर्थ सांगण्यात गेलेली माणसे आम्ही. बस आली. पोते त्यानेच चढवले.