थांबण्याची सोय

वाहन किती पळतें याची चौकशी सारे करितात. तें थांबतें कसें, हें विचारणारा विरळाच. सायकलीच्या दुकानांत घटकाभर उभें राहावें. गिअर किती, वजन किती, रंग कोणता, असे प्रश्न एकामागून एक कानीं येतात. ब्रेकचा प्रश्न निघालाच तर तो बहुधा बरोबर आलेल्या आईचा असतो. आमच्यापुरता हा प्रश्न आमच्या बोटांनीं उपस्थित केला. पन्नाशी उलटल्यावर हातांचे सांधे कुरकुरूं लागले, आणि सिंहगडाचा घाट चढण्यापेक्षां तो उतरतांना ब्रेक दाबून धरणें अधिक कष्टाचें वाटूं लागलें. डॉक्टरांनीं सायकल सोडण्यास सांगितलें नव्हतें. परंतु घरांत तसा सूर निघूं लागला होता. तेव्हां घाट सोडावा कीं ब्रेक बदलावे, एवढाच निर्णय उरला, आणि आम्हीं दुसरा पक्ष स्वीकारला.

डोंगरी सायकलीच्या जन्मकथेंतच ब्रेकचें दुखणें आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यांतील टॅमलपायस डोंगराच्या परिसरांत १९७६ सालच्या ऑक्टोबरांत कांहीं हौशी मंडळींनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उताराची शर्यत सुरू केली. सुमारें दोन मैलांच्या वाटेंत तेराशें फुटांचा उतार! पॅडल उलट फिरविल्यानें लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. तो इतका तापे कीं आंतील वंगणाचा धूर होऊन जाई आणि हब उघडून तें पुन्हा भरावें लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या शर्यतीस ‘रीपॅक’ हें नांव पडलें.

हा धूर कोठून येतो, हें साध्या गणितानें कळतें. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन ६०० मीटर खालीं आलें, तर सव्वापांच लाख जूलांहून अधिक ऊर्जा कोठें तरी खर्चावी लागते. एवढ्या उष्णतेनें दीड लिटर पाण्यास सहज उकळी फुटेल. तींतील कांहीं भाग वारा घेतो. उरलेला ब्रेकच्या पदरीं येतो. रबरी गुटके चाकाच्या कडेवर घासणारा जुना ब्रेक कोरड्या सडकेवर हें काम निमूटपणें करितो. पण सह्याद्रीच्या पावसांत कड ओली आणि चिखलानें माखलेली असते, आणि गुटके नुसते घसरतात. डिस्क ब्रेकची चकती हबजवळ, चिखलापासून जरा दूर असते. तारेनें ओढला जाणारा डिस्क ब्रेक आमच्या सायकलीस होताच. परंतु तार नळींत घासते, पावसाळ्यांत गंजते, आणि बोटांचें निम्में बळ वाटेंतच संपतें.

तेलाच्या ब्रेकमध्यें ही गळती जवळजवळ नाहीं. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल यानें सतराव्या शतकांतच मांडून ठेविला. लिव्हरपाशीं लहान दट्ट्या, चकतीपाशीं मोठे दट्टे. त्यामुळें थोड्या जोराचा पुष्कळ जोर होतो. १९२१ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीनें चारही चाकांस तेलाचे ब्रेक घेतले. सायकलीनें तोच मार्ग मागाहून धरला. शिवाय पॅड झिजतात तसतसे दट्टे आपोआप पुढें सरकतात. तार पुनःपुन्हा ताणीत बसण्याचें काम राहत नाहीं.

निवडीस बसल्यावर मात्र मन गोंधळतें. पहिला प्रश्न ब्रेकचा नव्हे, सायकलीचाच. फ्रेमवर आणि पुढच्या फोर्कवर ब्रेक बसविण्याची जागा हवी, हब चकती धरणारा हवा. नाहीं तर नवीं चाकें आणि कदाचित् नवा फोर्क घेऊन सायकलीपेक्षां डागडुजी महाग व्हावयाची. ही परीक्षा आमची सायकल उत्तीर्ण झाली. पुढें चकतीचें माप. १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर हीं नेहमींचीं मापें. चकती जितकी मोठी तितकी तरफ लांब. १६० ऐवजीं १८० घेतली तर तेवढ्याच दाबांत आठव्या हिश्श्यानें अधिक रोध मिळतो, आणि उष्णता पसरावयास जागाही वाढते. ब्रेक लावतांच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून आम्हीं पुढें १८० आणि मागें १६० ठेविलीं. फोर्क करणाऱ्यानें घालून दिलेली मर्यादा मात्र आधीं पाहिली. चार दट्ट्यांचे ब्रेक अधिक जोरदार खरे. पण ते मोठमोठ्या उड्या मारीत उतरणाऱ्यांचें भूषण. आम्हांस दोन पुरे.

तेलाचे पंथ दोन. ‘डॉट’ जातीचें द्रव हवेंतील ओलावा शोषतें, त्यामुळें त्याचा उत्कलनबिंदु काळानें खालीं येतो. रंगावर सांडलें तर रंगही जातो. खनिज तेलास हे दोष नाहींत. पण त्यांत पाणी शिरलेंच तर तें मिसळत नाहीं, तळाशीं वेगळें राहतें. एका पंथाच्या ब्रेकमध्यें दुसऱ्याचें तेल कदापि घालूं नये. आंतील रबरी कड्या फुगून नासतात. आम्हीं खनिज तेल पत्करलें. पॅडांतही राळेचे मऊ आणि निमूट, तर धातूचे टिकाऊ पण कुरकुरे. पावसाळ्यासाठीं आम्हीं धातूचे घेतले. कांहीं स्वस्त चकत्यांस धातूचे पॅड चालत नाहींत, हें त्यांवर लिहिलेलें असतें. तें वाचून घ्यावें.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसलों. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातीं असतो. अमेरिकेच्या रिवाजाचे तयार जोड डाव्या हातीं येतात. दुकानदार म्हणाला, “साहेब, चार दिवसांत सवय होईल.” सवय होईल हें खरें, पण ज्या क्षणीं समोर म्हैस उभी राहते, त्या क्षणीं हात जुनीच सवय स्मरतो. शिवाय ही सायकल आमची कन्याही नेते. नळ्या बदलून घेतल्या, आंत राहिलेली हवा काढवली, आणि कन्येच्या लहान पंजासाठीं लिव्हर आंत घेणारा स्क्रू कोठें आहे हेंही विचारून ठेविलें.

नव्या पॅडांस एकदम घाटांत नेऊं नये. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगानें जाऊन वीसएक वेळां सायकल हळूहळू मंदावली, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांस ओळखूं लागतात. आतां घाट उतरतांना लिव्हरवर एक तर्जनी पुरते. उरलेलीं बोटें मूठ धरण्यास मोकळीं राहतात. पूर्वीं घरांतून प्रश्न येई, “आजही जायचंच आहे का?” आतां विचारतात, “जेवायला किती वाजतां?”