स्मृतीची खरेदी

ऐन खेळाच्या रंगात संगणक अडखळू लागला, तेव्हा चिरंजिवांनी त्याची रॅम वाढवण्याचा हट्ट धरला. खिशात एका दिवाळी अंकाचे मानधन. वाचकहो, काय ते समजा! लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार डीडीआर-५चे गुण गाऊ लागला. पण आमचा मदरबोर्ड डीडीआर-४चा. दोहोंच्या खाचा निराळ्या, सोयरीक जुळणेच अशक्य. मग १६ जीबीची एक पट्टी, की ८-८ची जोडी?

“जोडीच घ्या, बाबा. माहिती दोन वाटांनी धावते.”

जोडी घेतली. रंगीबेरंगी दिव्यांची मात्र नाकारली. दिव्यांनी का वेग वाढतो? शिवाय वाचलेल्या पैशांवर माझा डोळा होता. आमची ही गेल्या गणपतीपासून तडा गेलेल्या चष्म्यातून तांदूळ निवडते आहे.